जिंकले, पण वर गेले नाहीत

2013 साली स्पेनमधल्या बुर्गोस शहराच्या बास्केटबॉल संघाने दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधून पहिल्या श्रेणीत जाण्याचा हक्क मैदानावर मिळवला. शहरात जल्लोष झाला आणि उन्हाळ्यात कळलं की संघ वर जाणार नाही. 2014 मध्ये त्यांनी तो हक्क पुन्हा मिळवला आणि पुन्हा खालीच राहिले. 2015 मध्ये तिसऱ्यांदा तेच घडलं. सलग तीन वर्षं जिंकून सलग तीन वर्षं त्याच लीगमध्ये राहिलेला संघ जगाच्या पाठीवर आणखी कुठे असेल असं मला वाटत नाही.

कारण खेळातलं नव्हतं. वरच्या लीगचं दार उघडायला पैसे लागत होते आणि ते बुर्गोसकडे नव्हते. त्या दाराचा आणि त्याच्या बाहेर थांबलेल्या गावांचा हा इतिहास आहे. रेआल माद्रिद आणि बार्सिलोना ही नावं यात फार येणार नाहीत. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

आपल्यापैकी जे अमेरिकेत राहतात त्यांना 'वर जाणं' आणि 'खाली येणं' ही भानगडच थोडी अपरिचित वाटेल. एनबीएमध्ये शेवटच्या क्रमांकावर आलेला संघ पुढच्या वर्षीही एनबीएतच असतो, उलट त्याला चांगला नवा खेळाडू मिळतो. आपल्या आयपीएलचंही तेच. युरोपात मात्र खेळाची उतरंड असते. तळाचे दोन-तीन संघ खाली जातात, खालचे दोन-तीन वर येतात. आम्हा इंग्लंडात राहणाऱ्यांना हे फुटबॉलमुळे अंगवळणी पडलेलं. या व्यवस्थेचं सगळं आकर्षण एका शब्दात आहे, तो म्हणजे 'कदाचित'. लहान गावातला संघ कदाचित एक दिवस राजधानीच्या संघाशी खेळेल. स्पेनच्या बास्केटबॉलने हा 'कदाचित' कागदावर ठेवला आणि त्याला किंमतीची चिठ्ठी लावली.

थोडं मागे जाऊ. बास्केटबॉल स्पेनमध्ये रुजला तो बार्सिलोनात. क्युबाहून आलेले एउसेबिओ मिय्यान हे एस्कोलापियन संघाचे पाद्री आपल्या शाळेतल्या मुलांना हा नवा खेळ शिकवू लागले आणि 1922 मध्ये तिथे पहिला क्लब स्थापन झाला. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय महासंघ आला. खेळाचं मूळ शाळेत असणं ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण आजही स्पेनमधल्या कितीतरी क्लबांची नाळ एखाद्या शाळेशी जोडलेली दिसते. माद्रिदचा एस्तुदियान्तेस हा क्लब 1948 मध्ये रामिरो दे मायेस्तू या सरकारी शाळेच्या आवारात जन्मला. नावाचा अर्थच 'विद्यार्थी'. पालेन्सियाचा क्लब 1979 मध्ये मारिस्त बंधूंच्या शाळेतून निघाला. शाळेचं मैदान, शनिवारची सकाळ, बाकांवर बसलेले आईवडील. तिथून सगळं सुरू होतं.

राष्ट्रीय लीग 1957 मध्ये सुरू झाली. पंचवीस वर्षं ती महासंघाच्या हातात होती. 1982 मध्ये मोठ्या क्लबांनी ठरवलं की आपला कारभार आपण बघू. त्यांनी एसीबी ही क्लबांची संघटना काढली आणि 1983-84 पासून पहिल्या श्रेणीची लीग ती चालवू लागली. बाद फेऱ्या आल्या, दूरचित्रवाणी आली, पैसा आला. 1984 मध्ये स्पेनने लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवलं आणि खेळाला बरे दिवस आले. पण या बदलात एक गोष्ट शांतपणे घडून गेली. वरचा मजला क्लबांच्या मालकीचा झाला आणि खालचे सगळे मजले महासंघाकडे राहिले. एकाच इमारतीत दोन मालक, आणि जिना मात्र सामाईक. पुढची तीस-चाळीस वर्षं भांडण चाललं ते या जिन्यावरून.

खालच्या मजल्यांची नावं महासंघाने इतक्या वेळा बदलली की तिथल्या लोकांचाही गोंधळ होतो. 1994 मध्ये 'एबा' ही हौशी संघांची लीग आली. 1996 मध्ये तिच्यावर 'लेब' ही नवी दुसरी श्रेणी बसवली. लेब म्हणजे लीगा एस्पान्योला दे बालोंसेस्तो, स्पॅनिश बास्केटबॉल लीग. 2000 मध्ये लेब-2 आली. 2007 मध्ये सोनं, रूपं आणि कांस्य अशी नावं दिली: लेब ओरो, लेब प्लाता, लेब ब्रोन्से. कांस्य दोनच हंगाम टिकलं, 2009 मध्ये बंद. 2024 मध्ये सगळ्या पाट्या पुन्हा बदलल्या आणि आता प्रिमेरा फेब, सेगुंदा फेब, तेर्सेरा फेब अशी नावं आहेत, म्हणजे महासंघाची पहिली, दुसरी, तिसरी. त्यातली 'पहिली' खरं तर देशातली दुसरी आहे. महासंघाला आपल्या मजल्याला पहिला म्हणायची हौस असावी. मी पुढे जुनी नावंच वापरतो. तिथले प्रेक्षकही अजून लेबच म्हणतात.

आता त्या दाराकडे येऊ. एसीबी ही क्लबांची संघटना असल्यामुळे नवा क्लब आत येतो म्हणजे नवा सदस्य होतो, आणि सदस्य व्हायचं तर शुल्क भरायचं, असा युक्तिवाद होता. नव्वदच्या दशकापासून हे शुल्क वाढत गेलं. बुर्गोसचा प्रसंग घडला तेव्हा नुसतं प्रवेशशुल्क तीस लाख युरोंच्या आसपास होतं. वर 'चढउतार नियमन निधी' नावाची आणखी एक रक्कम भरायची, म्हणजे भविष्यात खाली गेलेल्या संघांना आधार देण्यासाठी आधीच पैसे ठेवायचे. करबीर धरून बेरीज पन्नास लाखांच्या घरात जायची. शिवाय किमान पाच हजार प्रेक्षकांचं स्टेडियम हवं आणि पुढच्या हंगामाच्या खर्चाची हमी हवी. लेब ओरोतल्या बहुतेक क्लबांचं अख्ख्या वर्षाचं अंदाजपत्रक या रकमेच्या जवळपासही नसायचं. आणि पैसे गोळा करायला वेळ किती? बढतीचा शेवटचा सामना वसंत ऋतूच्या अखेरीस होतो, कागदपत्रं उन्हाळ्याच्या सुरुवातीला द्यायची. म्हणजे काही आठवडे.

यातली खरी मेख वेगळी होती. ज्यांनी हे शुल्क एकदा भरलं होतं त्यांना ते पुन्हा भरावं लागत नसे. त्यामुळे जुना क्लब खाली गेला तरी परत यायला मोकळा, आणि जो कधीच वर नव्हता त्याच्यासाठी दार जड. त्यात वर यायला कोणी उरलंच नाही, तर खाली जायचे संघ वरच राहात. एस्तुदियान्तेस 2012 मध्ये आणि पुन्हा 2016 मध्ये गुणतक्त्यात खाली घसरला होता. दोन्ही वेळा तो वरच राहिला, कारण खालून येणाऱ्यांना येता आलं नाही. 2016 मध्ये तर लेब ओरोचा विजेता पालेन्सिया आणि बाद फेऱ्या जिंकलेला मेलिया या दोघांचंही जमलं नाही. एस्तुदियान्तेसबरोबर सान सेबास्तियानचा गिपुस्कोआ हा क्लबही वाचला. त्या वर्षी दोन्ही लीग खेळल्या गेल्या, दोन्हींचे निकाल लागले आणि परिणाम शून्य.

बुर्गोसच्या आधी या दाराशी सर्वांत जास्त काळ उभा राहिला तो सान्तियागो दे कोम्पोस्तेलाचा ओब्रादोइरो. ही गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

सान्तियागो म्हणजे गालिसिया प्रांताची राजधानी, कामिनो या ख्रिस्ती वारीचं पंढरपूर म्हणा ना. कॅथेड्रलसमोरच्या चौकाचं नाव ओब्रादोइरो, अर्थ 'कारखाना' किंवा कारागिरांची काम करायची जागा, कारण मंदिर बांधणारे पाथरवट तिथे दगड घडवत असं सांगतात. 1970 मध्ये स्थापन झालेल्या क्लबने तेच नाव घेतलं. 1990 मध्ये ओब्रादोइरो पहिल्या श्रेणीच्या उंबऱ्यावर पोहोचला. बढतीच्या मालिकेत समोर मुर्सियाचा संघ होता. मुर्सिया जिंकला आणि वर गेला. मग बाहेर आलं की मुर्सियाकडून खेळलेल्या एका अर्जेंटिनी खेळाडूची नोंदणी ज्या कागदांवर झाली होती ते कागद खरे नव्हते. नियम सरळ होता. अपात्र खेळाडू खेळवला तर निकाल उलटा. पण महासंघाने निकाल उलटा केला नाही.

ओब्रादोइरो न्यायालयात गेला, आणि तिथे एकोणीस वर्षं राहिला.

या काळात क्लबचं काय झालं? व्यावसायिक संघ विरून गेला. नाव प्रादेशिक पातळीवरच्या सामन्यांत आणि मुलांच्या संघांत टिकून राहिलं. ज्या मुलांनी 1990 चा सामना बाबांच्या खांद्यावर बसून पाहिला त्यांची लग्नं झाली. क्लब म्हणजे एक खटला आणि खटला चालवणारी काही हट्टी माणसं. त्यांच्यात अध्यक्ष होते होसे आन्खेल दोकोबो. हे गृहस्थ सान्तियागो विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ, तिथल्या वेधशाळेचे संचालक. त्यांचा अभ्यासाचा विषय जोडतारे, म्हणजे एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे. अशा एखाद्या जोडीची कक्षा काढायची तर अनेकदा कित्येक दशकांच्या नोंदी जमवाव्या लागतात, आधीच्या पिढीने केलेले वेध वापरावे लागतात. अशा माणसाला एकोणीस वर्षांचा खटला लांब वाटला नसेल. दुसरा कोणी असता तर दहाव्या वर्षीच फाइल बंद केली असती.

निकाल वरच्या न्यायालयांपर्यंत गेला आणि ओब्रादोइरोच्या बाजूने लागला. त्यांची 1990 मधली जागा त्यांना द्यायची ठरली, ती मिळाली 2009 मध्ये. म्हणजे एक क्लब, ज्याच्याकडे वरच्या श्रेणीचा एकही खेळाडू नव्हता, तो एका उन्हाळ्यात थेट पहिल्या श्रेणीत. काही आठवड्यांत प्रशिक्षक आणला, खेळाडू गोळा केले, प्रायोजक धरले, फोन्तेस दो सार हे पालिकेचं स्टेडियम तयार केलं. ते भरलंही. पण एका हंगामात संघ खाली आला.

इथपर्यंतची गोष्ट वर्तमानपत्रांनी परीकथेसारखी सांगितली आहे. मला जास्त मोलाचा वाटतो तो पुढचा भाग. 2010 मध्ये ओब्रादोइरो लेब ओरोत होता. न्यायालयाने दिलेली जागा गेली होती, आता मिळवायची होती ती खेळून. प्रशिक्षक म्हणून आला मोंचो फेर्नांदेस, सान्तियागोतच वाढलेला, त्याच्या मोहल्ल्यावरून 'पोंतेपेद्रिन्याचा किमयागार' म्हणून ओळखला जाणारा. 2011 मध्ये त्याने संघ वर नेला आणि पुढची तेरा वर्षं तो तिथे टिकवला. मधे 2013 मध्ये हा लहान क्लब पहिल्या आठांत येऊन रेआल माद्रिदशी बाद फेरी खेळला. न्यायालय जागा देऊ शकतं, ती टिकवण्याचं काम या माणसाने केलं. 2024 मध्ये ओब्रादोइरो पुन्हा खाली आला आणि फेर्नांदेसचा कार्यकाळही संपला.

नकाशा समोर ठेवला तर एक गंमत दिसते. कामिनोची मुख्य वाट बुर्गोस शहरातून जाते, मग पालेन्सिया प्रांतातून, पुढे लेओन आणि गालिसिया. दुसरी एक जुनी वाट लुगोतून येते. दुसऱ्या श्रेणीच्या इतिहासातले निम्मे ओळखीचे चेहरे या रस्त्याच्या कडेला भेटतात. याचं कारण धार्मिक नाही. हा स्पेनचा आतला, थंड, वयस्कर होत चाललेला भाग. तरुण माद्रिदला, बार्सिलोनाला, परदेशी गेले. शहरं लाखाच्या आतबाहेरची: पालेन्सिया ऐंशी हजारांच्याही खाली, लुगो जेमतेम लाख, बुर्गोस पावणेदोन लाख. इथे पहिल्या श्रेणीचं फुटबॉल परवडणं अवघड. पण बास्केटबॉलला बारा माणसं आणि एक छप्पर लागतं. हिवाळ्याच्या संध्याकाळी गावातली तीन-चार हजार माणसं एका छपराखाली जमतात असं दुसरं ठिकाण या शहरांत फारसं नाही.

आणि संघांची नावं! स्पेनमध्ये प्रायोजकाचं नाव क्लबच्या नावाआधी लागतं. पालेन्सियाचा संघ बरीच वर्षं 'केसोस सेर्रातो पालेन्सिया' होता. केसोस म्हणजे चीज, सेर्रातो हा तिथलाच मुलूख. लुगोचा संघ कधी 'लेचे रिओ ब्रेओगान', म्हणजे एका दुधाच्या कंपनीचा, कधी 'काफेस कान्देलास ब्रेओगान', म्हणजे कॉफीवाल्यांचा. ओब्रादोइरोच्या नावाआधी बस कंपनी. मोठ्या बँका आणि विमान कंपन्या वरच्या मजल्यावर, इथे दूध, चीज, कॉफी आणि एसटी. हसू येतं, पण यातच या क्लबांचं अर्थशास्त्र आहे. गावातला एक कारखानदार, पालिका, प्रांतिक सरकार आणि हंगामाची तिकिटं घेणारी घरं, एवढ्या चौघांवर सगळं उभं. त्यांतला एक डगमगला की संघ गेला.

लुगोच्या ब्रेओगानबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. 1966 चा क्लब. ब्रेओगान हा गालिसियाच्या दंतकथेतला केल्टिक राजा, प्रांतगीतातही त्याचा उल्लेख आहे. म्हणजे दुधाच्या नावापुढे पुराणपुरुषाचं नाव. 2006 मध्ये हा क्लब पहिल्या श्रेणीतून खाली आला आणि बारा वर्षं तिथेच राहिला. 2018 मध्ये वर, 2019 मध्ये खाली, 2021 मध्ये परत वर. त्या बारा वर्षांतही लुगोकरांनी जागा रिकाम्या ठेवल्या नाहीत. पहिल्या श्रेणीतल्या कितीतरी क्लबांना असे प्रेक्षक मिळत नाहीत.

मेलियाची गोष्ट आणखीनच निराळी. हे शहर स्पेनचं, पण आहे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, तिन्ही बाजूंनी मोरोक्को आणि एका बाजूला समुद्र. साधारण बारा चौरस किलोमीटर जागा आणि पंच्याऐंशी हजार माणसं. ख्रिस्ती, मुस्लिम, ज्यू आणि चौथे हिंदू, असे चार समाज आपल्या शहरात नांदतात हे मेलिया अभिमानाने सांगतं. ते हिंदू म्हणजे आपले सिंधी व्यापारी. या शहराचा संघ वर्षानुवर्षं लेबचा कायमचा रहिवासी होता. प्रत्येक बाहेरचा सामना म्हणजे विमान किंवा रात्रीची बोट, आणि पाहुण्या संघांनाही तेच. मुख्य भूमीपासून तुटलेल्या गावाला देशाच्या वेळापत्रकात आपलं नाव छापलेलं दिसावं, यासाठी तिथली पालिका हा खर्च करत आली. 2016 मध्ये त्यांना वरच्या श्रेणीचा खर्च झेपला नाही तो याच हिशेबामुळे.

2008 नंतर हा सगळा डोलारा हलला. स्पेनमधली बांधकामाची तेजी फुटली. क्लबांचे प्रायोजक बरेचसे बिल्डर होते, आणि पालिकांचं उत्पन्नही जमिनीच्या व्यवहारांवर चालायचं. सर्वांत ठळक उदाहरण जिरोनाचं. तिथल्या संघाचा प्रायोजक होता 'आकास्वायू' नावाचा गृहबांधणी समूह. नाव वाचून मराठी माणसाला आकाश आणि वायू आठवल्याशिवाय राहणार नाहीत, आणि शेवटही तसाच झाला. 2008 मध्ये पैसा हवेत विरला आणि पहिल्या श्रेणीत असलेला संघ काही आठवड्यांत नाहीसा झाला. त्या संघातला उंच मुलगा मार्क गासोल त्याच उन्हाळ्यात अमेरिकेला, मेम्फिसला गेला. मेनोर्का बेटाच्या क्लबने 2012 मध्ये बढती मिळवली, पण पैसे उभे राहिले नाहीत आणि त्याच उन्हाळ्यात क्लबच संपला. बढती मिळवल्याच्या वर्षी मरण, हे क्रूर आहे.

त्याच 2012 च्या उन्हाळ्यात तेनेरिफे बेटावरच्या 1939 मध्ये स्थापन झालेल्या कानारियास क्लबला मात्र वाट मिळाली. वरच्या लीगमधून आलिकान्तेचा क्लब बाहेर पडल्याने जागा रिकामी झाली आणि धावपळीत कागदपत्रं पूर्ण झाली. पाच वर्षांनी, 2017 मध्ये, हाच क्लब युरोपच्या नव्या चॅम्पियन्स लीगचा पहिला विजेता ठरला. 2022 मध्ये पुन्हा. 2012 मध्ये ती जागा रिकामी झाली नसती तर?

एसीबीची बाजूही ऐकायला हवी. त्यांचं म्हणणं असं की मैदानावर जिंकलेला पण खिशाने फाटका क्लब आत घेतला, तर जानेवारीत खेळाडूंचे पगार थकतात आणि सगळ्या लीगची अब्रू जाते. हे खोटं नाही. लेबच्या इतिहासात थकलेल्या पगारांची आणि हंगामाच्या मधे कोसळलेल्या क्लबांची उदाहरणं आहेत. हमी मागणं मला रास्त वाटतं. पण हमी वेगळी आणि प्रवेशशुल्क वेगळं. हमी सांगते की तू वर्षभर बिलं भरशील. प्रवेशशुल्क त्याच बिलांसाठी लागणारा पैसा आधीच काढून घेतं. गरीब क्लबाला आणखी गरीब करून आत घ्यायचं आणि मग म्हणायचं, बघा, याला झेपत नाही.

2017 च्या वसंतात स्पेनच्या बाजार व स्पर्धा आयोगाने हेच जास्त कायदेशीर भाषेत म्हटलं. दुसऱ्या श्रेणीतून येणाऱ्या क्लबांवर लादलेल्या आर्थिक अटी प्रमाणाबाहेरच्या आणि भेदभाव करणाऱ्या आहेत असं ठरवून त्याने एसीबीला 4 लाख युरोंचा दंड केला. रक्कम फार नव्हती, एका क्लबकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कापेक्षाही कमी. पण जिना मोकळा होऊ लागला. त्याच वर्षी गिपुस्कोआ आणि बुर्गोस हे दोन्ही क्लब लेब ओरोतून वर गेले.

होय, बुर्गोस. मात्र तीनदा जिंकलेला तो क्लब नव्हे. 2015 च्या तिसऱ्या नकारानंतर शहरात मिराफ्लोरेस नावाचा नवा क्लब उभा राहिला, 'सान पाब्लो बुर्गोस' या नावाने खेळणारा. पालिकेने जुन्या बैलझुंजीच्या रिंगणावर छप्पर घातलं आणि त्याचं साडेनऊ हजार प्रेक्षकांचं कोलिसेउम केलं. जिथे बैल मारले जात तिथे लाकडी फरशी आणि दोन बास्केट. दोन वर्षांत नवा क्लब वर गेला. नंतरच्या चार वर्षांत काय झालं हे ऐकून त्या जुन्या तीन उन्हाळ्यांची आठवण ठेवणाऱ्यांना काय वाटलं असेल? ऑक्टोबर 2020 मध्ये, महासाथीमुळे रिकाम्या स्टेडियममध्ये, अथेन्सला, यजमान एईकेला हरवून बुर्गोस युरोपच्या चॅम्पियन्स लीगचा विजेता झाला. फेब्रुवारी 2021 मध्ये बुएनोस आयरेसला आंतरखंडीय चषक जिंकला. मे 2021 मध्ये चॅम्पियन्स लीग पुन्हा. ज्या शहराला 'तुमची ऐपत नाही' असं तीनदा सांगितलं गेलं, त्याने आठ महिन्यांत तीन आंतरराष्ट्रीय चषक नेले. आणि 2022 मध्ये संघ खाली घसरला! मला हाही भाग आवडतो. उतरंड खरी असेल तर ती युरोपच्या माजी विजेत्यालाही खाली पाठवते. तीन हंगाम लेबमध्ये काढून 2025 मध्ये बुर्गोस परत वर आला.

पालेन्सियालाही शेवटी दार उघडलं. 2016 मध्ये नाइलाजाने जागा सोडलेला हा शाळकरी मुळांचा क्लब 2023 मध्ये पहिल्यांदा पहिल्या श्रेणीत खेळला. एकच वर्ष. ऐंशी हजारांहून लहान शहर आणि समोर बार्सिलोना, माद्रिद. खाली आले, पण खेळून खाली आले. 2016 मधलं खाली राहणं आणि 2024 मधलं खाली येणं या दोन्हींचा परिणाम तक्त्यात एकच दिसतो, पालेन्सियाच्या माणसाला मात्र फरक विचारावा लागत नाही.

टोरोंटोत राहणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायची राहिली. 2019 मध्ये रॅप्टर्सनी एनबीए जिंकलं, त्या संघातले दोन उंच खेळाडू या लीगशी जोडलेले आहेत. काँगोहून आलेला सर्ज इबाका अमेरिकेने हेरण्याआधी बार्सिलोनाच्या उपनगरातल्या लोस्पितालेत या क्लबाकडून लेब ओरोत खेळत होता. दुसरा मार्क गासोल. जिरोनातला त्याचा संघ 2008 मध्ये बुडाला तेव्हा तो एनबीएत पोहोचला होता. 2014 मध्ये, म्हणजे अजून अमेरिकेत खेळत असताना, त्याने जिरोनात नवा क्लब काढला, मुलामुलींच्या संघांपासून. क्लब हळूहळू लेब ओरोपर्यंत चढला. 2021 मध्ये, एनबीएचं विजेतेपद आणि दोन विश्वचषक पदरी असलेला हा माणूस, वय 36, परत येऊन आपल्याच क्लबाकडून दुसऱ्या श्रेणीत उभा राहिला, मालक आणि खेळाडू एकाच वेळी. 2022 मध्ये जिरोना वर गेलं.

एस्तुदियान्तेसचं काय झालं तेही सांगतो. 1957 पासून एकही हंगाम न चुकता वरच्या श्रेणीत खेळलेले क्लब तीनच होते: रेआल माद्रिद, बादालोनाचा होवेन्तूत आणि हा. 2012 आणि 2016 मध्ये दुसऱ्यांच्या रिकाम्या खिशांनी त्याला वाचवलं. 2021 मध्ये तो पुन्हा तळाला आला. या वेळी खालून लुगोचा ब्रेओगान आला होता, पूर्ण कागदपत्रांसह. राजधानीतला हा विद्यार्थ्यांचा क्लब तेव्हापासून दुसऱ्या श्रेणीत आहे आणि एका आड एक आठवड्यांनी बस पकडून लहान गावांच्या स्टेडियममध्ये जातो.